फ्रेंच बंगला, उस्मानाबादी बोकड!

धाराशिव शहराबाहेरच्या नव्या वसाहतींतून एक चक्कर मारा. एका बंगल्याला गोल खांब, दुसऱ्याला पीओपीची वेलबुट्टी, तिसऱ्याला जमिनीपासून छतापर्यंत काच. "फ्रेंच डिझाइन आहे," असं मालक कौतुकाने सांगतात. आणि रविवारी त्याच बंगल्यातल्या कुकरमध्ये काय शिजतं? सहा आठवड्यांत वाढलेलं ब्रॉयलर.

फ्रेंच माणूस घर आणि ताट या बाबतीत कशाचा तोरा मिरवतो, तर आपल्या मातीचा, आपल्या जनावराच्या जातीचा आणि सावकाश वाढलेल्या गोष्टींचा. या तिन्ही गोष्टी धाराशिवकरांच्या घरात आणि गोठ्यात कधीच्याच आहेत. पटत नाही? मग घ्या ही शिदोरी.

आधी घराचं बोलू

खर्ड्याच्या रणात दोन्हीकडे फ्रेंच
आपल्या भागाला फ्रेंचांचं दर्शन बंगल्यांच्या कॅटलॉगमधून नव्हे, तोफांच्या धुरातून झालं. भूमच्या शेजारी, जामखेड तालुक्यात खर्डा आहे. मार्च १७९५ मध्ये तिथे मराठे आणि निजाम भिडले. निजामाकडे रेमंड नावाच्या फ्रेंच सरदाराच्या कवायती पलटणी होत्या. मराठ्यांकडून लढणाऱ्या शिंद्यांच्या कवायती फौजेतही पेराँ हा फ्रेंचच! निजाम हरला, पण रेमंडचं नाव टिकलं. हैदराबादची मूसारामबाग ही वस्ती त्याच्याच नावाने ओळखली जाते.

शिंद्यांचा पगार, शाँबेरीचे हत्ती
महादजी शिंद्यांची कवायती फौज उभी करणारा बेन्वा द बॉइन हा सॅव्हॉयमधल्या शाँबेरी गावचा. हा भाग पुढे फ्रान्समध्ये गेला. हिंदुस्थानात कमावलेली दौलत घेऊन तो मायदेशी परतला आणि गावावर त्याने सढळ हाताने पैसा खर्च केला. त्याच्या स्मरणार्थ १८३८ मध्ये गावात कारंजं उभं राहिलं. कारंज्याच्या चार दिशांना चार हत्ती आहेत, पण चौघांचाही फक्त पुढचाच भाग! गावकरी अजून या बिनपाठीच्या हत्तींची थट्टा करतात. फ्रेंच शैली आपल्याकडे आली म्हणतो आपण. तिकडचं एक गाव मात्र मराठ्यांच्या चाकरीतल्या पैशाने सजलं.

व्हर्सायला पंप, नळदुर्गला नुसता उतार
फ्रान्सच्या चौदाव्या लुईला व्हर्सायच्या बागेत कारंजी हवी होती. त्यासाठी सीन नदीवर १४ प्रचंड चाकं आणि २०० हून जास्त पंप बसवले, तरी पाणी पुरेना. मग राजा ज्या वाटेने फिरायला निघे, तिथली कारंजी सुरू करायला माळी एकमेकांना शिट्टी मारून इशारा देत. राजा पुढे गेला, की कारंजं बंद!

नळदुर्गात आदिलशाही काळात बोरी नदीवर बांध घातला आणि त्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल बांधला. बांधकामाचं साल १६१३ सांगितलं जातं, म्हणजे व्हर्सायच्या जागी पहिला शिकारखाना उभा राहिला त्याच्याही दहा वर्षं आधी. पाऊस चांगला झाला की नर आणि मादी हे दोन धबधबे महालावरून कोसळतात आणि आत बसलेल्याच्या डोळ्यांसमोर पाण्याचा पडदा पडतो. इथे ना पंप लागत, ना शिट्टीवाला.

कॉर्बुझिएची गच्ची आणि आजीच्या कुरडया
फ्रान्समध्ये नाव कमावलेल्या ल कॉर्बुझिएने १९२७ च्या सुमारास आधुनिक वास्तुकलेची पाच सूत्रं मांडली. त्यातलं एक सूत्र असं, की घराचं छप्पर सपाट असावं आणि माणसांनी ते वापरावं. जगभरच्या वास्तुविद्यालयांत हे सूत्र शिकवलं जातं. मराठवाड्यातलं माळवद मात्र हे काम कुणी न शिकवता करत होतं. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर किलचणं, त्यावर पाला आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात तिथे कुरडया वाळत, मिरच्या पसरल्या जात आणि रात्री अख्खं घर अंथरूण टाकून झोपे. छतात उजेडासाठी ठेवलेलं भोक असे. कुणी त्याला सवणं म्हणे, कुणी साणं. आज त्यालाच स्कायलाइट म्हणून वेगळे पैसे लागतात.

गळतं सगळ्यांचंच
माळवद पावसाळ्यात गळायचं, म्हणून मृगाच्या आधी त्यावर नवी माती टाकून चोपून घ्यावं लागे. यात लाजण्यासारखं काही नाही. कॉर्बुझिएचा पॅरिसजवळचा व्हिला साव्वा १९३१ मध्ये पुरा झाला आणि आज तो जागतिक वारसा आहे. पण त्याचं सपाट छप्पर गळत होतं. मालकीणबाईंनी तक्रारीची पत्रं लिहून वास्तुकाराला भंडावून सोडलं होतं. फरक एवढाच, की आपल्याकडे कुदळ-फावडं घेऊन घरधनीच वर चढायचा.

लिऑनची घरंही मातीचीच
फ्रान्स म्हणजे संगमरवर आणि झुंबर, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. पण लिऑन शहराभोवतीच्या खेड्यांत चोपलेल्या मातीच्या भिंतींची घरं आहेत, त्यातली कित्येक शंभरी ओलांडूनही नांदती आहेत. फ्रांस्वा कॉइंतरो या बांधकामतज्ज्ञाने १७९० च्या सुमारास मातीच्या घरांवर पुस्तिका लिहून हे तंत्र युरोपभर पोचवलं. ग्रेनोबल शहरात १९७९ पासून क्रातेर ही संस्था फक्त मातीच्या बांधकामाचा अभ्यास करते. त्याच परंपरेतल्या फ्रेंच वास्तुकाराने ऑरोव्हिलमध्ये मातीच्या दाबलेल्या विटांची शाळा उभी केली. म्हणजे फ्रेंच शैलीचं घर हवं असेल, तर मातीचं घरही त्यात बसतं.

येरमाळ्याचा चुना, आयफेलवरचं नाव
चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत येरमाळ्याला येडेश्वरीचे लाखो भक्त रानात उतरून चुनखडीचे पांढरे खडे वेचतात. या खड्यांचा चुना देवीच्या मंदिराला लागतो. चुन्याचंच कोडं फ्रान्सच्या लुई विका या अभियंत्याला पडलं होतं. काही चुना पाण्यात विरघळतो आणि काही पाण्यातच दगडासारखा घट्ट होतो, असं का? चुनखडीत मिसळलेल्या चिकणमातीमुळे ही किमया होते, हे त्याने १८१८ मध्ये मांडलं. आजच्या सिमेंटचा पाया त्या संशोधनात आहे. आयफेल टॉवरवर ७२ शास्त्रज्ञ-अभियंत्यांची नावं कोरली आहेत, त्यात विकाही आहे.

स्लॅब आला कुंडीतून
"स्लॅबचं घर झालं" हे गावाकडे प्रतिष्ठेचं वाक्य आहे. या स्लॅबचा एक मूळपुरुष चक्क माळी होता. फ्रान्सच्या जोसेफ मोनिएच्या कुंड्या सारख्या फुटत. त्याने सिमेंटमध्ये लोखंडी जाळी घातली आणि १८६७ मध्ये तिचं पेटंट घेतलं. पुढे फ्रांस्वा एनबिक याने १८९२ मध्ये खांब, तुळई आणि स्लॅब एकसंध ओतण्याची पद्धत पेटंट केली. तेव्हा गवंडी सळ्या बांधायला बसला की समजा, फ्रेंच शैली सुरू झाली. वेगळे गोल खांब लावायची गरज नाही.

मंगळुरी कौलांचं आजोळ
जुन्या शाळांवर आणि कोकणातल्या घरांवर दिसणारी लाल मंगळुरी कौलं एकमेकांत अडकून बसतात. ही युक्ती अल्सासमधल्या जिलार्दोनी बंधूंची, १८४१ ची. बाझल मिशनने ती मंगळुरात आणली आणि १८६५ मध्ये तिथे कारखाना सुरू केला. नावात मंगळूर असलं, तरी बेत फ्रेंचांचा.

तरंगणारी वीट
ग्रीक प्रवासवर्णनांत तगर म्हणून येणारं गाव म्हणजे आपलं तेर. संत गोरोबाकाका कुंभारांचं गाव, म्हणजे मातीशी नातं आलंच. इथल्या जुन्या विटा इतक्या हलक्या, की पाण्यावर तरंगतात. मातीत तूस मिसळायचं. भट्टीत ते जळून जातं आणि विटेत बारीक छिद्रं उरतात. हलकी आणि उष्णता अडवणारी वीट आजही बांधकामवाल्यांना हवीच असते. तेरला ती आधीच जमली होती.

होळकरांचं पॅरिस
मराठी घराण्याने फ्रेंच सौंदर्य खऱ्या अर्थाने घरात आणलं, ते इंदुरात. यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकात माणिकबाग महाल उभारला. वास्तुकार जर्मन, एकार्ट मुथेसियस. पण आतलं सामान रूलमान, आयलीन ग्रे आणि कॉर्बुझिए अशा पॅरिसच्या दादा मंडळींचं. महाल वातानुकूलित होता. २०१९ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयाने होळकरांच्या या हौसेवर मोठं प्रदर्शन भरवलं. आणि आज माणिकबागेत काय आहे? करखात्याचं कार्यालय!

काच नको, झडप घ्या
दक्षिण फ्रान्सच्या जुन्या शेतघरांना जाड दगडी भिंती असतात. थंड वारा येतो त्या उत्तर बाजूला खिडक्या जवळपास नसतातच. बाकीच्या खिडक्यांना लाकडी झडपा असतात आणि उन्हाळ्यात दुपारी त्या घट्ट बंद होतात. धाराशिवच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. अशा वेळी पश्चिमेला अख्खी काच लावली, की बंगल्याची भट्टी होते आणि एसीचं बिल हातात येतं. फ्रेंचांकडून एकच गोष्ट उचलायची असेल, तर झडप उचला.

३० सप्टेंबर १९९३
इथे मात्र गंमत थांबवावी लागते. त्या पहाटेच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. लोहारा-उमरगा भागातली गावंच्या गावं बसली. दोष एकट्या मातीचा नव्हता. भिंती मातीत रचलेल्या गोल दगडांच्या, आत-बाहेरचे थर एकमेकांना न बांधलेले आणि डोक्यावर वर्षानुवर्षं वाढत गेलेलं मातीचं ओझं. भिंतीत आरपार जाणारे दगड, कमरेला आणि माथ्याला पट्टे, आणि हलकं छप्पर असेल, तर तीच सामग्री बरीच सुरक्षित होते. घर कुठल्याही शैलीचं बांधा, हा हिशेब आधी.

आता ताटाकडे वळू

जिल्हा बदलला, शेळी नाही
सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून उस्मानाबाद झालं आणि २०२३ मध्ये ते अधिकृतपणे धाराशिव झालं. पण काळीभोर, चपळ शेळी आजही उस्मानाबादीच! देशाच्या मान्यताप्राप्त जातींच्या यादीत तिची याच नावाने नोंद आहे. तुळजापूर तालुक्यातल्या तीर्थ इथे शेळी-मेंढी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे.

बाभळीच्या शेंगांवर वाढलेलं एटीएम
ही शेळी मोठी मानी. कमी पाणी, कडक ऊन, खडकाळ माळ, कशाचीच तक्रार नाही. बोरी-बाभळीचा पाला, शेंगा आणि बांधावरचं गवत यांवर गुजराण करते. जुळी करडं हे तिचं वैशिष्ट्य. दुष्काळात सोयाबीन गेलं, तरी शाळेची फी आणि दवाखान्याचा खर्च एका बोकडावर निघतो. म्हणून शेतकरी तिला चालतं-बोलतं एटीएम म्हणतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने आफ्रिकी बोअर बोकडाशी तिचा संकर करून जास्त मांसाची करडं तयार केली आहेत.

तिरंगी कोंबडी
फ्रान्सच्या ब्रेस भागातल्या कोंबडीला पांढरी पिसं, लाल तुरा आणि निळे पाय असतात, म्हणजे चालता-फिरता फ्रेंच झेंडाच! १९५७ पासून तिच्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. प्रत्येक कोंबडीला कुरणात किमान १० चौरस मीटर जागा द्यावी लागते आणि वाढवायला साधारण चार महिने लागतात. दुसरा फ्रेंच शिक्का लाबेल रूज. त्याच्या कोंबडीचं वय कापताना किमान ८१ दिवस हवं. आपली गावरान कोंबडी उकिरडा उकरत पाच-सहा महिने हिंडते. तिला ना शिक्का, ना प्रमाणपत्र.

५६ दिवसांची उडी
कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने एक प्रयोग केला. १९५७ सालची कोंबडीची जात आणि २००५ सालची जात एकसारखं खाद्य देऊन वाढवली. ५६ व्या दिवशी जुनीचं वजन ९०५ ग्रॅम भरलं आणि नवीचं ४,२०२ ग्रॅम! वंश निवडण्याची ही करामत. मांस स्वस्त झालं आणि प्रथिनं सामान्य माणसाच्या ताटात आली, हा मोठा फायदा. पण इतक्या वेगात वाढणाऱ्या पक्ष्याचे पाय आणि हृदय मेटाकुटीला येतात.

इंजेक्शनची अफवा
"ब्रॉयलरला हार्मोनची इंजेक्शनं देतात," हे पारावर ठामपणे सांगितलं जातं. हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये एकेकाला धरून रोज सुई टोचणं कुठल्याही पोल्ट्रीवाल्याला परवडणार नाही, आणि त्याची गरजही नाही. वाढ होते ती निवडलेल्या वंशामुळे आणि मका-सोयाबीनच्या खाद्यामुळे. धाराशिव-लातूरच्या शिवारातलं सोयाबीन तेल काढल्यावर पेंड होऊन कोंबडीच्या पोटात जातं. तेव्हा ब्रॉयलरही तसं आपल्याच रानचं खातं.

खरी काळजी औषधाची
दाट शेडमध्ये आजार लवकर पसरतो. म्हणून, आणि वाढ व्हावी म्हणूनही, प्रतिजैविकं देण्याची सवय जगभर लागली. त्यातून औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात, आणि माणूस आजारी पडला की गोळी चालत नाही. कोलिस्टिन हे माणसासाठी अगदी शेवटचं राखून ठेवलेलं औषध. भारताने २०१९ मध्ये खाद्य-जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. युरोपने वाढीसाठी प्रतिजैविकं वापरणं २००६ मध्येच बंद केलं. स्वयंपाकघरातली खबरदारी सोपी आहे. कच्चं चिकन नळाखाली धुऊन शिंतोडे उडवू नका, त्याची सुरी-पाट वेगळी ठेवा आणि मांस हाडापर्यंत शिजवा.

चरबीचा हिशेब
अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यानुसार बोकडाच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे २० ग्रॅम प्रथिनं आणि अडीच ग्रॅमच्या आत चरबी असते. कातडीसकट कच्च्या कोंबडीत चरबी १५ ग्रॅमपर्यंत जाते. पण कोंबडीची कातडी काढा, मग तीही बोकडाच्या जवळ येते. आणि बोकडाचं हे सगळं पुण्य रश्श्यावर बोटभर तर्री आली की संपतं! दोष जनावराचा नाही, पळीचा.

लिऑनचा इशारा
लिऑन म्हणजे फ्रान्सची खवय्यांची राजधानी. सॉसेज आणि सलामीचं माहेर. गंमत म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था त्याच गावात आहे. तिनेच २०१५ मध्ये सांगितलं, की सॉसेज, बेकन, हॅमसारखं प्रक्रिया केलेलं मांस माणसात कर्करोग घडवतं. रोज ५० ग्रॅम खाल्लं, तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. ताजं लाल मांस 'बहुधा कर्करोगकारक' या पायरीवर आहे, म्हणजे बोकडाचंही प्रमाण राखायचं. फ्रीजरमधून काढून तळलेली तयार सॉसेज पोराच्या डब्यात रोज देण्याआधी हे आठवा.

रक्ती तिकडेही
रक्ती, वजडी, पाया म्हटलं की शहरी पाहुणे नाक मुरडतात. पॅरिसच्या हॉटेलात मात्र रक्ताचं सॉसेज आणि आतड्यांचं सॉसेज दिमाखात मिळतं. जनावर कापलं तर त्याचा एकही तुकडा वाया घालवायचा नाही, ही दोन्हीकडची जुनी शिस्त. आपल्याकडच्या कंदुरीत एक बोकड, मोठं पातेलं, ज्वारीच्या भाकरी आणि अख्खी भावकी असते. माणशी मांस मोजकंच येतं, रस्सा मात्र पोटभर.

मंगळवार, शुक्रवार आणि फ्रेंच कायदा
देवीचा मंगळवार आणि शुक्रवार, एकादशी, श्रावण, नवरात्र… धाराशिवच्या घरांत वशाट न खाण्याचे दिवस मोजायला बसलात, तर वर्षाचा मोठा भाग निघतो. फ्रान्सने २०१८ मध्ये कायदा करून शाळांच्या जेवणात आठवड्यातून एकदा शाकाहारी ताट सक्तीचं केलं. तिकडे हे कायद्याने करावं लागलं. इकडे आजी पंचांग बघून तेच करत होती.

फ्रेंचही सगळे राजे नाहीत
एवढं कौतुक झालं, तर हेही ऐका. फ्रान्समध्ये खाल्लं जाणारं जवळपास निम्मं चिकन बाहेरच्या देशांतून येतं आणि त्यातलं बरंचसं स्वस्त, शेडमध्ये वाढलेलं असतं. ब्रेसची कोंबडी तिथेही सणासुदीलाच परवडते. नावाजलेली वस्तू जपायची आणि रोजचं भागवायचं, ही कसरत तिकडेही आहेच.

मग करायचं काय?

घर बांधताना वास्तुकाराला तीन प्रश्न विचारा. पश्चिमेचं ऊन कसं अडवणार? भूकंपाचे पट्टे कुठे येणार? आणि गावच्या दगड-माती-चुन्याचं काय वापरता येईल? खाटकाकडेही तीन प्रश्न न्या. जनावर कुठल्या गावचं? वय किती? चरून वाढलं की शेडमध्ये? पहिल्यांदा तो हसेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की उत्तरं तयार ठेवेल. फ्रान्समध्ये नावाजलेल्या कोंबडीला चढा भाव मिळतो, त्यामागे असं विचारणारं गिऱ्हाईक आहे.

रोज स्वस्त ब्रॉयलर खाण्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा माळावर चरलेला बोकड घ्या, तोही कमी तेलात, आणि बाकीचे दिवस डाळ, हुलगे, मटकी, अंडी खा. खर्च जवळपास तेवढाच होईल आणि पैसा जिल्ह्यातल्या शेळीवाल्याच्या हातात जाईल. बंगल्याला फ्रेंच नाव हवं तर खुशाल द्या. जेवण मात्र उस्मानाबादीच असू द्या.